मॉलिब्डेनम संकुले आणि विकरांची प्रतिरूपे: पार्श्वभूमी

जळगाव-धुळ्याकडच्या शेतकऱ्याला मॉलिब्डेनम हा शब्द हरभऱ्याच्या बीजप्रक्रियेमुळे ठाऊक असतो, आणि रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला फॉस्फेटच्या परीक्षेत येणाऱ्या पिवळ्या साक्यामुळे. कपाशीच्या पानात नायट्रेटचे नायट्राइट करणारे विकर या मूलद्रव्यावाचून चालत नाही. नत्र स्थिरीकरणासाठी ते लागते हे १९३० साली दिसले, आणि दुधातील झँथिन ऑक्सिडेजमध्ये (झँथिनचे यूरिक आम्ल करणाऱ्या विकरात) ते १९५३ साली सापडले. नत्र स्थिर करणाऱ्या नायट्रोजनेज या विकरातील मॉलिब्डेनम लोह-गंधकाच्या पुंजक्यात बसलेले असते व त्याचा विषय स्वतंत्र आहे. येथे उरलेल्या विकरांपुरते पाहू.

या विकरांत मॉलिब्डेनम सहा आणि चार या ऑक्सिडीकरण स्थितींमध्ये ये-जा करते व त्या ओघात ऑक्सिजनचा एक अणू इकडून तिकडे जातो. हेच काम प्रथिनाशिवाय, लहान संकुलाकडून, म्हणजे धातूचा अणू आणि त्याला धरणारे रेणू (लिगँड) यांच्या जोडणीकडून, करून घ्यावे व ते विकराचे प्रतिरूप मानावे ही कल्पना १९७२ साली हाती लागलेल्या एका अभिक्रियेमुळे रुजली. सोडियम मॉलिब्डेट आणि डायएथिल डायथायोकार्बामेट यांच्या द्रावणात विरल आम्ल थेंबाथेंबाने सोडले की पिवळसर घन पदार्थ मिळतो. येथे घाई चालत नाही. आम्ल जास्त झाले तर लिगँडच मोडतो आणि कार्बन डायसल्फाइड सुटतो. या संकुलात ट्रायफिनाइल फॉस्फीन मिसळले की ते ऑक्सिजनचा एक अणू उचलते आणि मॉलिब्डेनम चारवर येते. मात्र द्रावण जांभळे होते, कारण सहा आणि चार स्थितींतील दोन संकुले ऑक्सिजनचा पूल बांधून पाचव्या स्थितीतील जोडरेणू तयार करतात. विकरात असे घडत नाही. तिथले एकटे पाच-स्थितीतील मॉलिब्डेनम इलेक्ट्रॉन चुंबकीय अनुनादात (एकट्या इलेक्ट्रॉनचा वेध घेणाऱ्या तंत्रात) स्पष्ट संकेत देते, तर हा जोडरेणू प्रतिचुंबकीय, म्हणजे एकटा इलेक्ट्रॉन नसलेला, असल्याने गप्प राहतो. १९८०च्या दशकात लिगँडवर अवजड फिनाइल गट बसवून ही जोडणी रोखण्यात आली. प्रथिनाच्या घडीचे काम अशा रीतीने गर्दीकडून करून घेणे चतुराईचे होते. परंतु फॉस्फीन हे कोणत्याही सजीवातील विकराचे भक्ष्य (विकर ज्यावर काम करते तो पदार्थ) नाही, ही अडचण त्यामुळे मिटली नाही.

‘ऑक्सिजन-अणू हस्तांतर’ या संज्ञेने आपल्याकडे जास्तीचा घोळ घातला आहे. बऱ्हाणपूरकडून येणारी हिंदी पुस्तके खानदेशात सर्रास वापरली जातात, आणि हिंदीत अणु म्हणजे आपला रेणू, तर आपल्या अणूला तिथे परमाणु म्हणतात. अशा पुस्तकावरून टिपणे काढणारा विद्यार्थी हवेतील ऑक्सिजनचा अख्खा रेणू सरकतो असे समजून बसतो, आणि नेमकी हीच समजूत झँथिन ऑक्सिडेजच्या बाबतीत १९६०च्या दशकात, ऑक्सिजनचा जड समस्थानिक वापरून, खोटी ठरली होती: उत्पादितात शिरणारा ऑक्सिजन पाण्यातून येतो. संज्ञेचा दुसरा दोष मराठीपुरता नाही. सल्फाइटचे सल्फेट करणाऱ्या सल्फाइट ऑक्सिडेजमध्ये मॉलिब्डेनमवरील ऑक्सो गटातील (धातूशी दुहेरी बंधाने जोडलेल्या ऑक्सिजनमधील) अणू सरळ सल्फाइटच्या गंधकाकडे जातो, म्हणून तिथे ‘हस्तांतर’ शोभते. झँथिन ऑक्सिडेजमध्ये मात्र दुहेरी बंधाचा ऑक्सो गट जागचा हलत नाही. शेजारचा, पाण्यातून आलेला हायड्रॉक्सी गट कार्बनवर चाल करतो आणि कार्बनवरील हायड्रोजन मॉलिब्डेनमवरच्या गंधकाकडे जातो. दोन्हींना एकच नाव दिल्याने, फॉस्फीनला ऑक्सिजन देणारे कोणतेही संकुल दोन्ही विकरांचे प्रतिरूप म्हणून खपू लागले.

पुढे चित्र झपाट्याने बदलले. मॉलिब्डेनमला धरून ठेवणारा टेरिन (नत्रयुक्त कड्यांचा एक सेंद्रिय गट) असलेला लिगँड १९८२ साली ओळखला गेला. त्याला मोलिब्डोप्टेरिन म्हणतात, जरी त्यात स्वतःचे मॉलिब्डेनम नसते आणि टंगस्टनच्या विकरांतही तोच असतो. १९९५ पासून स्फटिकरचना येऊ लागल्या, आणि धातूला जखडणारी, या लिगँडमधील डायथायोलीन या गटाची दोन गंधके प्रत्यक्ष दिसली. नायट्रोजन व गंधक यांनी धातूला धरणारे १९८०च्या दशकातील लिगँड त्यामुळे मागे पडले. त्याआधीच, १९९४ साली, भारतातीलच एका प्रयोगशाळेने दोन डायथायोलीन असलेल्या संकुलाकडून बायसल्फाइटचे सल्फेट करून घेतले. हे काम फॉस्फीनच्या प्रयोगांपेक्षा विकराच्या कितीतरी जवळचे आहे, कारण येथे भक्ष्यही खरे होते. मात्र १९९७ साली सल्फाइट ऑक्सिडेजची रचना प्रसिद्ध झाली आणि तिथे डायथायोलीन एकच निघाले. तिसरे गंधक प्रथिनातील सिस्टीन या अमिनो आम्लाचे होते. दोन डायथायोलीनची बांधणी डायमिथाइल सल्फॉक्साइड रिडक्टेजच्या (त्या पदार्थातला ऑक्सिजन काढून घेणाऱ्या विकराच्या) कुळातली आहे.