१४ जून १६४४ आणि १४ जून १६४५: राजा चार्ल्सची "ती" पत्रं नक्की कुठली?

इंग्लंडच्या यादवी युद्धाचा, म्हणजे राजा विरुद्ध पार्लमेंट लढ्याचा, विषय निघाला की पहिल्या चार्ल्स राजाच्या पत्रांबद्दल हमखास गोंधळ होतो. कोणी म्हणतं त्याच्या पत्रामुळे लढाई हरली, कोणी म्हणतं पत्रं शत्रूच्या हातात पडली. दोन्ही खरं, पण पत्रं वेगळी. तारीख मात्र दोन्हीकडे १४ जूनच, मग होणारच ना घोळ.

१६४४ चं एकच पत्र आहे, राजाने ब्यूडलीहून आपल्या भाच्याला आणि सेनापतीला, प्रिन्स रुपर्टला लिहिलेलं. तेव्हा उत्तरेतल्या यॉर्क शहराला स्कॉटिश आणि पार्लमेंटच्या फौजांचा वेढा पडलेला. राजा लिहितो, यॉर्क गेलं तर माझा मुकुट गेल्यातच जमा, पण तू यॉर्क सोडवून वेढा घालणाऱ्या फौजांनाही हरवलंस तर तू येईपर्यंत मी इकडे कसाबसा तग धरेन. मग हुकूम, की बाकी सगळं सोड आणि यॉर्कला जा, आणि ते आधीच पडलं किंवा सुटलं असेल किंवा तुझ्याकडे बंदुकीची दारू कमी असेल तर तडक वूस्टरला ये. आता यात "लढच" असं कुठे आहे? मला तरी दिसत नाही, पण "हरवलंस तर" हे शब्द आहेत आणि रुपर्टने तेच धरले. आपल्याकडच्या गोष्टीसारखा इथे कोणी ध चा मा केला नव्हता, राजानेच वाक्य तसं लिहिलेलं. १ जुलैला वेढा उठला, म्हणजे खरं काम झालं होतं, यॉर्कमधला राजाचा सेनापती न्यूकॅसल थांबूया म्हणत होता, तरी २ जुलैला मार्स्टन मूरला लढाई झाली आणि राजाची उत्तरेतली फौज संपली. दोन आठवड्यांत यॉर्कही गेलं. रुपर्टने ते पत्र म्हणे मरेपर्यंत जपून ठेवलं.

१६४५ ची भानगडच वेगळी. त्या १४ जूनला नेझबीची लढाई झाली, राजा हरला आणि सामानासोबत त्याच्या खाजगी कागदांची पेटी शत्रूला सापडली. त्यातली बरीचशी पत्रं सेनापतींना नाहीत, फ्रान्सला गेलेल्या राणीला, हेन्रिएटा मारियाला लिहिलेली. पार्लमेंटने ती जुलैत लंडनमध्ये जाहीर वाचली आणि लगेच छापली. आयर्लंडमधून सैन्य आणायचं, मदतीच्या बदल्यात कॅथलिकांवरचे कायदे उठवायचे, सगळं उघड! आपल्याच बाजूच्या, ऑक्सफर्डला भरलेल्या वेगळ्या पार्लमेंटलाही त्याने त्यात संकरित, म्हणजे दोगलं, म्हणून हिणवलं होतं. नवरा-बायकोची पत्रं वाचणं असभ्य, असं राजाची माणसं ओरडली, पण अक्षर त्याचंच होतं.

आणि गोंधळात भर म्हणून अजून एक १४ तारीख आहे, सप्टेंबर १६४५ ची. रुपर्टने ब्रिस्टल शत्रूच्या हवाली केलं म्हणून राजाने हेरफर्डहून त्याला लिहिलं, की समुद्रापलीकडे कुठेतरी जाऊन आपलं पोट भर. यात मात्र जर-तर काही नव्हतं.