अनुक्रमित संग्रहात घटक घालणे

ॲरे, लिस्ट, व्हेक्टर अशा क्रमांकाने घटक गाठता येणाऱ्या संग्रहात दिलेल्या इंडेक्सवर नवा घटक बसवण्याची क्रिया. त्या जागेवरचा जुना घटक पुसला जात नाही. तो आणि त्याच्या पुढचे सगळे एकेक घर पुढे सरकतात, लांबी एकाने वाढते. इंडेक्सला नुसते नवे मूल्य दिले, तर जुने जाते.

इंडेक्स शून्यापासून मोजला, तर पाच घटकांच्या लिस्टमध्ये घालण्याच्या जागा सहा असतात : ० ते ५. पाचवर घालणे म्हणजे शेवटी जोडणे. वाचताना मात्र ५ चालत नाही, कारण तिथे अजून काही नाही. सीमेची तपासणी लिहिताना हा फरक हमखास निसटतो.

तपासणीनंतर जागा शिल्लक आहे का ते पाहतात. नसेल तर मेमरीचा मोठा ब्लॉक घेऊन सगळे घटक त्यात नेतात. जावाची ॲरेलिस्ट साधारण दीडपट वाढते. मग सरकवणे, आणि ते शेवटाकडून करावे लागते. १०, २०, ३०, ४०, ५० मध्ये इंडेक्स १ वर १५ घालताना पुढून सुरुवात केली, तर २० हा ३० वर लिहिला जातो, तोच पुढे पुढे उतरतो आणि हाती १०, १५, २०, २०, २०, २० येते. सीमध्ये म्हणूनच मेमरीतला भाग हलवणाऱ्या फंक्शनांपैकी इथे मेमकॉपी नव्हे, मेममूव्ह वापरतात : स्रोत आणि मुक्काम एकमेकांवर येतात, आणि तेव्हा मेमकॉपीचा भरवसा नसतो.

खर्च सरकवण्याचा आहे. रिकाम्या लिस्टच्या सुरुवातीलाच एकेक करून १ लाख घटक घातले, तर जवळपास ५०० कोटी सरकवण्या होतात. त्यापेक्षा शेवटी जोडून एकदा उलटवावे, किंवा दोन्ही टोकांनी घालता येणारा डेक घ्यावा. लिंक्ड लिस्टमध्ये (तिथे प्रत्येक घटकाची गाठ पुढच्या गाठीचा पत्ता ठेवते) सरकवणे नाही, पण इंडेक्सपर्यंत एकेक गाठ चालत जावे लागते. त्यामुळे ‘लिंक्ड लिस्टमध्ये घालणे स्वस्त’ हे विधान जागा आधीच हाती असेल तरच खरे. लहान-मोठ्याच्या क्रमाने लावलेल्या लिस्टमध्ये द्विभाजन शोधाने, म्हणजे दर वेळी अर्धा भाग वगळत, जागा झटकन सापडते, सरकवणे मात्र चुकत नाही.

सीमेबाहेरच्या इंडेक्सचे काय करायचे, यावर भाषांचे एकमत नाही. जावा चुकीची सूचना म्हणून एक्सेप्शन फेकते, रस्ट पॅनिक होऊन चालू काम थांबवते. पायथनचे इन्सर्ट मुकाट्याने जवळच्या टोकाला घालते, म्हणून चुकीचा हिशेब लपून राहतो. त्यातच उणे १ (पायथनमध्ये शेवटच्या घटकाचा इंडेक्स) दिल्यास घटक शेवटी जात नाही, शेवटच्याच्या आधी बसतो. जावास्क्रिप्टमध्ये घालण्यासाठी वापरायच्या स्प्लाइसचा दुसरा आकडा, म्हणजे किती घटक काढायचे तो, ० हवा. १ दिला की तिथला एक घटक गळतो.

आधी काढून ठेवलेल्या अनेक इंडेक्सवर घालायचे असेल तर मोठ्या इंडेक्सपासून लहानाकडे यावे. उलट गेल्यास पहिल्या घालण्यानंतर पुढचे सगळे आकडे एकेकाने चुकतात. लूप चालू असताना त्याच लिस्टमध्ये घालू नये. पायथनमध्ये चालू घटकाच्या आधी घातले, की तोच घटक पुन्हा समोर येतो. दर फेरीला तसेच केले तर लूप संपतच नाही. सी प्लस प्लसच्या व्हेक्टरमध्ये घालण्याच्या जागेपासून पुढचे इटरेटर (घटकांकडे बोट दाखवणाऱ्या खुणा) निकामी होतात, आणि ब्लॉक बदलला तर सगळेच.