हॉथॉर्नचे दिवे आणि सोमवार

मॅनेजमेंटच्या वर्गात हमखास सांगितली जाणारी गोष्ट: शिकागोजवळच्या वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या हॉथॉर्न कारखान्यात 1924 पासून दिव्यांचे प्रयोग झाले. उजेड वाढवला, उत्पादन वाढलं; कमी केला, तरी वाढलंच! म्हणजे माणसाकडे कुणी लक्ष दिलं की तो आपोआप जोमाने काम करतो.

गोष्ट गोड आहे, पण आकडे तिला साथ देत नाहीत. हरवला समजला जाणारा मूळ तपशील स्टीव्हन लेविट आणि जॉन लिस्ट या अर्थतज्ज्ञांनी शोधून 2011 मध्ये तपासला. उजेड बदलला जायचा रविवारी, सुटीच्या दिवशी. सोमवारी उत्पादन शनिवारपेक्षा जास्त दिसायचं. पण प्रयोग नसलेल्या आठवड्यांतही सोमवारी तसंच व्हायचं! गोष्टीत सांगतात तसा ठळक परिणाम त्यांना सापडलाच नाही.

त्याच कारखान्यात 1927 मध्ये सुरू झालेला रिले (टेलिफोन यंत्रणेतले विजेचे स्विच) जोडणीचा प्रयोग तर आणखी बोलका आहे. पाच तरुणींना वेगळ्या खोलीत बसवलं. त्यांची कमाई पूर्वी मोठ्या विभागाच्या एकूण कामावर ठरायची, आता फक्त या पाच जणींच्या कामावर ठरू लागली. म्हणजे जास्त रिले जोडले की पैसे थेट आपल्याच पाकिटात. शिवाय फार बोलतात, सहकार्य करत नाहीत म्हणून दोघींना 1928 च्या सुरुवातीला काढून त्यांच्या जागी दुसऱ्या आणल्या. त्यानंतर उत्पादन चढलं, यात नवल ते काय? पण पुढे सांगताना पगाराची पद्धत आणि ही अदलाबदल हळूच गळली, उरली ती फक्त आपुलकी. आपुलकी मालकाला स्वस्त पडते, हेही आहेच.