दुनळीची नळी: ३० इंचांवरून २५ वर आणि पुन्हा ३० वर

जुनी दुनळी बंदूक हातात आली की संग्राहक आधी नळ्यांना टेप लावतो. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत २६ इंची बंदुकीला गिऱ्हाईक चटकन मिळायचे. आता लोक ३० इंची शोधत फिरतात.

लांबीचे मूळ बंदुकीच्या दारूत आहे. चकमकीच्या गारगोटीच्या ठिणगीने बार उडवायच्या काळात दारू पेटायला वेळ लागे, म्हणून पाखरे टिपायच्या बंदुकांना ४० इंची नळ्याही असत. १७८७ साली लंडनच्या हेन्री नॉक या बंदूककाराने नळीच्या बुडाच्या नव्या रचनेचे पेटंट घेतले. दारू झपाट्याने पेटू लागली, नळी आखूड करता आली आणि दोन नळ्या जोडूनही बंदूक हाताला पेलू लागली. पुढे इंग्लंडात १२ बोरसाठी (बोर म्हणजे नळीच्या पोकळीचे माप; आकडा मोठा तितकी नळी बारीक) ३० इंच हे माप रुळले. नंतर कमी धुराची दारू आली. तिला एवढ्या लांबीची गरज नव्हती, पण सवय सुटली नाही.

ती सवय मोडली रॉबर्ट चर्चिल या इंग्रज बंदूककाराने. १९२०च्या दशकात त्याने २५ इंची बंदूक पुढे आणली. नळ्यांवरची पट्टी उंच आणि तोंडाकडे निमुळती ठेवली, म्हणजे नेम धरताना नळी लांब भासे. झाडीतून भुर्रकन उठणाऱ्या पाखरावर ती झटकन फिरते. तिथे चर्चिलचे बरोबरच होते.

पण याच आखूडपणाच्या हौसेपायी कितीतरी चांगल्या जुन्या नळ्या कापल्या गेल्या, आणि ते नुकसान कायमचे आहे. बंदूक तोंडाकडून पाहा. मूळ नळ्या तिथे एकमेकींना जवळजवळ टेकलेल्या असतात. कापलेल्यांमध्ये फट राहते, ती डाख देऊन बुजवलेली दिसते. छर्रे एकवटणारा चोक, म्हणजे तोंडाशी नळी किंचित अरुंद केलेला भाग, तर कापलेल्या तुकड्याबरोबरच गेलेला असतो.

वारे फिरले ते उडत्या मातीच्या तबकड्यांमुळे. स्पोर्टिंग क्लेज हा अशा तबकड्या टिपायचा खेळ १९८०च्या दशकात अमेरिकेत पसरला, आणि लांब नळी एका लयीत फिरते, मध्येच अडखळत नाही, हे नेमबाजांना रोज अनुभवायला मिळाले. मग पार्कर, फॉक्स, एल. सी. स्मिथ या अमेरिकी बनावटीच्या जुन्या बंदुकांच्या लांब नळ्यांकडे लक्ष गेले. त्यातही २० बोरची, ३० किंवा ३२ इंची, न कापलेली दुनळी मुळातच फार थोडी बनली होती; तिच्यासाठी संग्राहक आज जास्त पैसे मोजतात.