गुणसूत्रं एक्सवाय, जन्मदाखल्यावर मुलगी

1 सप्टेंबर 2025 पासून जागतिक अ‍ॅथलेटिक्स संघटनेचा नवीन नियम लागू झाला. महिला गटात जागतिक क्रमवारीत धरल्या जाणाऱ्या स्पर्धेत उतरायचं असेल तर आयुष्यात एकदा, वाय गुणसूत्रावर असणाऱ्या एसआरवाय जनुकाची टेस्ट द्यायची, गालाच्या आतून बोळा फिरवून नाहीतर रक्त देऊन. त्यावर सगळीकडे एकच प्रतिक्रिया दिसली, की यात वाद कसला, एक्सएक्स म्हणजे मुलगी आणि एक्सवाय म्हणजे मुलगा, शाळेतच शिकवलंय. शाळेत शिकवलं ते बरोबरच आहे, पण तिथून पुढे शरीर तयार होईपर्यंत खूप काही घडतं आणि मला तोच भाग सगळ्यात जास्त आवडतो, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

गर्भ साधारण सहा आठवड्यांचा होईपर्यंत मुलगा-मुलगी दोघांची रचना सारखीच असते, गर्भाशय बनवणाऱ्या नळ्या पण असतात आणि वीर्यवाहिन्या बनवणाऱ्या पण. मग वाय गुणसूत्रावरचं एसआरवाय जनुक थोडा वेळ चालू होतं, ते सॉक्स-9 नावाच्या दुसऱ्या जनुकाला कामाला लावतं आणि वृषण बनायला लागतात. एसआरवायचं मुख्य काम इथेच संपलं. पुढचं सगळं हार्मोन्सवर. वृषणातून निघणारं एक हार्मोन गर्भाशयाच्या नळ्या विरघळवून टाकतं, दुसरं म्हणजे टेस्टोस्टेरॉन, ते वीर्यवाहिन्या टिकवतं. पण बाहेरून जे दिसतं, जे बघून नर्स मुलगा की मुलगी ते सांगते, ते घडवायला नुसतं टेस्टोस्टेरॉन पुरत नाही. त्याचं डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन, थोडक्यात डीएचटी, व्हावं लागतं, आणि ते करणारं एन्झाइम म्हणजे 5-अल्फा रिडक्टेज. दूध कितीही असो, विरजण नसेल तर दही लागत नाही, तसंच हे. डीएचटी पेशीतल्या त्याच रिसेप्टरला, म्हणजे हार्मोनचा निरोप घेणाऱ्या प्रथिनाला, जाऊन चिकटतं ज्याला टेस्टोस्टेरॉन चिकटतं, पण जास्त घट्ट आणि जास्त वेळ, म्हणून त्याचा परिणाम कितीतरी पट.

आता हे एन्झाइम बनवणारं जनुक एक्सवर पण नाही आणि वायवर पण नाही, ते दोन नंबरच्या गुणसूत्रावर आहे. आणि रिसेप्टरचं जनुक एक्सवर, म्हणजे एक्सवाय बाळाला ते आईकडून मिळतं. म्हणजे पुरुषाचं शरीर घडायला वाय सोडून बाकीची गुणसूत्रं पण लागतात! (मुलगा होण्याची हमखास औषधं विकणारे अजूनही गल्लोगल्ली आहेत म्हणून सांगतो, एक्स की वाय हे गर्भधारणेच्या क्षणी शुक्रजंतूवरून ठरतं, नंतर कुठल्याही पुडीने बदलत नाही, आणि त्यात बाईचा दोष तर नाहीच नाही.)

रिसेप्टर पूर्ण निकामी असेल तर एक्सवाय बाळ मुलगी म्हणून जन्मतं, मुलगी म्हणून वाढतं आणि बहुतेक वेळा स्वतःला बाईच मानतं. स्पेनची अडथळा शर्यतपटू मारिया होजे मार्टिनेझ पाटिन्यो अशीच. 1985 मध्ये जपानमधल्या कोबेच्या स्पर्धेत तिची गुणसूत्रं तपासली आणि तिचं करिअर, विक्रम, स्कॉलरशिप सगळं गेलं. टेस्टोस्टेरॉनचा तिच्या स्नायूंना काडीचाही फायदा होत नव्हता, तरी ते मान्य करून घ्यायला तिला जवळजवळ तीन वर्षं भांडावं लागलं.

एन्झाइम नसेल तर गोष्ट वेगळी. डोमिनिकन रिपब्लिकमधल्या सालिनास गावात अशी बरीच मुलं होती, जन्मताना मुलगी वाटलेली आणि वयात येताना आवाज फुटलेला, स्नायू भरलेले, लिंग वाढलेलं, कारण तेव्हा टेस्टोस्टेरॉनचा लोंढाच इतका मोठा असतो की बरंचसं काम तेच करून टाकतं. आईकडून आणि वडिलांकडून आलेल्या या जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असल्या तरच हे होतं, म्हणून जिथे नात्यात लग्नं होतात तिथे शक्यता वाढते, आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न करणाऱ्या घरांनी हे लक्षात घ्यावं. ज्युलियन इम्पेराटो-मॅकगिन्ली यांनी 1974 मध्ये हे जगासमोर आणलं. मुलगी म्हणून वाढवलेल्या 18 जणांपैकी 17 जणांनी पुढे स्वतःची ओळख पुरुष म्हणून स्वीकारली. गावाला हे माहीत होतं, त्यासाठी त्यांच्याकडे शब्द पण होता. नंतर वेगवेगळ्या देशांतल्या केसेस एकत्र पाहिल्या तर पुरुष म्हणून जगायला लागलेले साधारण 60 टक्के निघाले. एन्झाइमचा दोष तोच, हार्मोन्स तीच, मग आकडा का बदलतो? लहानपणी ऑपरेशन झालं का, एन्झाइम थोडंफार चालतं का, हे तर आहेच, पण बदलल्यावर गाव काय म्हणणार, मुलगी म्हणून जगण्यात किती बंधनं आहेत, मुलग्याला घरात काय मान आहे, हे पण आहे. माझ्या मते संस्कृती इथे शोभेला नाही, ती निकालात भाग घेते.

म्हणूनच एका जनुकावर न्याय करणं मला पटत नाही. खेळात समान संधी हा खरा प्रश्न आहे, वयात येताना मिळालेल्या टेस्टोस्टेरॉनचा फायदा होतोच, ते नाकारायचं कारण नाही. पण एसआरवाय आहे एवढ्यावरून रिसेप्टर चालतो का ते कळत नाही. हे जनुक शोधणाऱ्या 1990 च्या टीममधल्या अँड्र्यू सिंक्लेअर यांनीच या टेस्टला विरोध केलाय. नव्या नियमात रिसेप्टर पूर्ण निकामी असलेल्यांना सूट आहे, म्हणजे पुढच्या तपासण्या आल्याच. 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये 3,387 जणींपैकी आठ जणी एसआरवाय पॉझिटिव्ह निघाल्या, सातजणींचा रिसेप्टर पूर्ण किंवा अर्धवट बिघडलेला होता, आठवीच्या बाबतीत याच एन्झाइमची कमतरता असावी असा अंदाज होता, आणि आठही जणींना खेळू दिलं. दहा वर्षांनी दोहा एशियाडमध्ये आपल्या तमिळनाडूच्या सांथी सौंदरराजनचं 800 मीटरचं रौप्य मात्र काढून घेतलं, ते पण सगळ्या जगाच्या टीव्हीवर. एवढी खासगी गोष्ट चव्हाट्यावर मांडायची काय गरज होती?

आणखी एक गोंधळ. बहुतेक ट्रान्सजेंडर लोकांमध्ये यातला कुठलाच बिघाड नसतो, त्यांची गुणसूत्रं, एन्झाइम, रिसेप्टर सगळं नेहमीसारखं असतं, तरी आतली ओळख वेगळी असते आणि ती दाखवणारी रक्ताची टेस्ट नाही. सुप्रीम कोर्टाने 15 एप्रिल 2014 च्या, ट्रान्सजेंडर लोकांच्या हक्कांवरच्या नाल्सा निकालात ओळख ज्याची त्याने सांगावी असं म्हटलं ते म्हणूनच मला विज्ञानाच्या जवळचं वाटतं.

बाळांचं काय, हा प्रश्न उरतो. बाहेरचे अवयव स्पष्ट नसले की घरचे घाबरून जातात, लोक काय म्हणतील म्हणून घाईने ऑपरेशन करून टाकतात, आणि सालिनासचे 17 आठवले की त्यातला धोका कळतो. 22 एप्रिल 2019 ला मद्रास हायकोर्टाने एका ट्रान्स वधूचं लग्न वैध ठरवताना त्याच निकालात अशा ऑपरेशन्सवर बंदी घालायला सांगितलं आणि ऑगस्टमध्ये तमिळनाडू सरकारने आदेश काढला, जीव धोक्यात असेल तरच करायचं. तोच नियम देशभर हवा, आणि प्रसूतिगृहात डॉक्टरांनी आईबापांना घाबरवण्याऐवजी तासभर बसून हे एन्झाइम समजावून सांगावं.