घराचा कायापालट (दूरचित्रवाणी)

घराचा कायापालट : अडचणीत असलेले एखादे कुटुंब निवडून त्याचे राहते घर थोडक्या दिवसांत दुरुस्त करणारा, सजवणारा किंवा पाडून नव्याने बांधून देणारा दूरचित्रवाणी कार्यक्रमप्रकार. नवे घर कुटुंबाला पहिल्यांदा दाखवण्याचा प्रसंग हा त्याचा कळस असतो. बाकी सगळा भाग त्या पाच मिनिटांच्या तयारीत जातो. हा प्रकार इंग्लंड-अमेरिकेत रुजला. मुंबईत तो आधी केबलवरच्या इंग्रजी वाहिन्यांवर, मग ओटीटीवर आणि आता बहुतेक करून यूट्यूबवरच्या तुकड्यांतून पाहिला जातो. मुंबईकराला तो परका वाटत नाही, कारण नव्या घराची वाट पाहण्यात इथल्या असंख्य कुटुंबांच्या पिढ्या गेल्या आहेत. मात्र पाहण्याची इथली नजर वेगळी आहे. डोळे पुसता पुसता ती चौरस फूटही मोजत असते.

उगम

बीबीसीवर 1996 ते 2004 या काळात चाललेल्या ‘चेंजिंग रूम्स’मध्ये दोन शेजारी कुटुंबे दोन दिवसांसाठी घरांची अदलाबदल करीत आणि एकमेकांची एकेक खोली सजवीत. त्यात दयाबुद्धीचा मागमूस नव्हता. आपल्या माघारी हॉलचे काय करून ठेवले हे पाहताना माणसाचा चेहरा कसा होतो, एवढीच गंमत होती. त्याची अमेरिकी आवृत्ती ‘ट्रेडिंग स्पेसेस’ 2000 मध्ये आली. करुणेची भर घातली ती एबीसी वाहिनीच्या ‘एक्स्ट्रीम मेकओव्हर : होम एडिशन’ने. डिसेंबर 2003 मध्ये विशेष भाग म्हणून सुरू झालेला हा कार्यक्रम 2012 पर्यंत चालला. त्याचा सूत्रसंचालक टाय पेनिंग्टन हा स्वतः सुतारकाम जाणणारा. आजारी मूल, युद्धातून अपंग होऊन परतलेला सैनिक, पदरी अनाथ मुले घेतलेले जोडपे अशी कुटुंबे निवडायची आणि सात दिवसांत त्यांना नवे घर उभारून द्यायचे, हा त्याचा साचा. 2020 मध्ये एचजीटीव्ही या वाहिनीने आणि 2025 मध्ये पुन्हा एबीसीने तो नव्या संचात आणला. ब्रिटनमध्ये 1999 पासून चालू असलेल्या ‘डीआयवाय एसओएस’ने 2010 नंतर गावातले गवंडी, प्लंबर, रंगारी यांना विनामोबदला एकत्र आणून मोठी कामे हाती घेतली. जपानमध्ये 2002 साली सुरू झालेला ‘बिफोर आफ्टर’ हा कार्यक्रम मुंबईच्या प्रेक्षकाने आवर्जून पाहावा असा आहे. अरुंद, अंधारी, जिने खडे असलेली शहरी घरे, आणि पायरीच्या पोटात खण काढणारे वास्तुरचनाकार. अमेरिकी घर पाहून मुंबईकर सुस्कारा सोडतो. जपानी घर पाहून तो सुताराला फोन लावतो.

क्षणाची बांधणी

‘एक्स्ट्रीम मेकओव्हर’मधला शेवटचा प्रसंग कसा रचला जाई, ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. कुटुंबाला आठवडाभर सहलीला पाठवलेले असते. जुने घर पाडले जाताना त्यांना ते तिकडे पडद्यावर दाखवतात, त्यामुळे परतीची वाट उरलेली नाही हे त्यांनाही कळलेले असते. आठवडा सरल्यावर कुटुंब गाडीतून उतरते तेव्हा घराच्या आणि त्यांच्या मध्ये एक लांबलचक बस उभी असते. मागे शेकडो स्वयंसेवक, शेजारी, हेल्मेट घातलेले कामगार. सगळे मिळून बस हलवा म्हणून ओरडतात, आणि बहुधा नेमक्या इथेच जाहिराती लागतात. लग्नातला अंतरपाट धरून ठेवावा तशी ती बस धरून ठेवलेली असते.

बस सरकली तरी प्रेक्षकाला घर लगेच दिसत नाही. आधी आईचा चेहरा, तोंडावर गेलेला हात, गुडघ्यांवर बसलेला बाप, आणि मग कुठे घर. हा क्रम उलटा केला तर प्रसंग पडतो, कारण घर आधी दिसले की प्रेक्षक फरशी, खिडक्या, रंग यांची पारख करायला लागतो. चेहरा आधी दिसला की तो विरघळलेला असतो. त्यानंतर खोलीमागून खोली: धाकट्याला आवडणाऱ्या अवकाशयानाच्या आकाराचा पलंग, चाकाच्या खुर्चीला पुरेल असा रुंद दरवाजा, उतरत्या मार्गाचा पोर्च. या शेवटच्या गोष्टी खऱ्या उपयोगाच्या असत आणि कार्यक्रमाचे सगळ्यात प्रामाणिक काम त्यांच्यातच दिसे. पलंगाचे अवकाशयान मूल चौदा वर्षांचे झाल्यावर काय करायचे, हा प्रश्न कोणी विचारीत नसे.

मुंबईतले पाहणे

मुंबईत असा भाग एकट्याने पाहिला जातो तेव्हा तो रडवतो. घरच्यांबरोबर पाहिला की त्याची चिकित्सा सुरू होते. ओपन किचन दिसले की फोडणीचा वास हॉलभर जाणार, हे आई पहिल्या क्षणाला सांगते. पांढऱ्या सोफ्याबद्दल पावसाळ्याची आठवण निघते. कपडे वाळत कुठे घालणार, देवघर कुठे, गाद्या कुठे ठेवणार, पाहुणे आले तर झोपणार कुठे, हे प्रश्न ठरलेले. आणि सगळ्यात शेवटी: पूर्वीचं सामान गेलं कुठं? दूरचित्रवाणीवरच्या नव्या घरात जुनी ट्रंक, पिंप, लग्नातली भांडी, कधी तरी लागतील म्हणून ठेवलेले पुठ्ठ्याचे खोके यांतले काहीच नसते. ज्या शहरात पोटमाळ्यावर अख्खा संसार चढवलेला असतो, तिथल्या प्रेक्षकाला ही रिकामी जागाच सगळ्यात अविश्वसनीय वाटते.

मराठी घरांना कॅमेरा घरात येण्याचे नवल नाही. झी मराठीवर 2004 ते 2022 चाललेल्या ‘होम मिनिस्टर’ने आदेश बांदेकरांना भावोजी करून चाळीच्या खोल्यांपासून टॉवरपर्यंत घरोघर नेले. बक्षीस होते पैठणीचे. घर आहे तसेच राही. फार तर कॅमेरा यायच्या आधी पडदे धुतले जात आणि शेजारणीच्या खुर्च्या आणल्या जात. त्यात बाई यजमान होती आणि कार्यक्रम तिचा पाहुणा. कायापालटाच्या कार्यक्रमात हे नाते फिरते. तिथे पहिल्या अर्ध्या भागात घराची ओल, गळके छप्पर, एका खोलीत झोपणारी पाच माणसे हे सगळे जवळून दाखवावे लागते, नाहीतर शेवट उठून दिसत नाही. मुंबईच्या मराठी प्रेक्षकाला अवघडल्यासारखे होते ते इथे. दहा बाय बाराच्या खोलीत राहणे ही त्याच्या दृष्टीने कहाणी नसते, पत्ता असतो. चार लोकांत घराची लाज काढून मग घर देणे, हा व्यवहार त्याला रुचत नाही, आणि या कार्यक्रमप्रकारावरची सर्वांत नेमकी टीका हीच आहे असे म्हणायला हरकत नाही. अमेरिकेतही निवडीबद्दल बोभाटा झाला होता. 2006 मध्ये बाहेर आलेल्या एका अंतर्गत ई-मेलमध्ये विशिष्ट दुर्मीळ आजार असलेली कुटुंबे शोधायला सांगितले होते.

सात दिवस आणि मुंबईची सोसायटी

सात दिवसांत घर हे अमेरिकेत शक्य होते कारण तिथली बहुतेक स्वतंत्र घरे लाकडी सांगाड्याची आणि आत जिप्सम बोर्डांची असतात. शिवाय पाळ्यांमध्ये रात्रंदिवस काम करणारी शेकडो माणसे आणि देणगीत आलेले साहित्य. मुंबईत घर म्हणजे आरसीसी चौकटीतली विटांची किंवा ब्लॉकची खोली. प्लॅस्टर केले की त्यावर काही दिवस पाणी मारावे लागते. न्हाणीघराचे वॉटरप्रूफिंग झाले की लादी बसवण्याआधी पाणी भरून ठेवून खाली गळते का ते पाहायचे, कारण खालच्या मजल्यावरच्या काकांच्या छताला डाग पडला तर पुढची दहा वर्षे जिन्यात मान वर करता येत नाही.

त्याआधी सोसायटीची परवानगी. अर्ज, अनामत रक्कम, कामगारांची नावे वॉचमनकडे, दुपारी दोन ते चार हातोडा बंद, रविवारी काम बंद, रॅबिटच्या (तोडफोडीतून निघालेल्या मलब्याच्या) गोण्या लिफ्टने न्यायच्या नाहीत. भिंत काढायची असेल तर ती भार घेणारी आहे की नुसती आडभिंत, हे अभियंत्याने सांगावे लागते, आणि रचनेत बदल असेल तर महापालिकेची मंजुरी. पागडीच्या (एकरकमी पैसे भरून जुन्या नाममात्र भाड्यावर घेतलेल्या) घरात याशिवाय मालकाची परवानगी. चाळीत तर सामान ठेवायला जागा सार्वजनिक गॅलरीचीच, म्हणजे वाळूच्या गोण्यांवरून रोज अख्ख्या मजल्याची ये-जा. आणि पावसाळ्याचे चार महिने रंगाचे काम शहाणा माणूस काढत नाही. गणपती घरी येणार म्हणून काढावेच लागले, तर भिंत पुरती वाळण्याआधी मूर्ती येऊन बसते. टाय पेनिंग्टनला इथे सात दिवसांत फार तर ना-हरकत पत्र मिळाले असते.

मुंबईचे स्वतःचे दर्शनसोहळे

पात्र कुटुंबाला घर मिळण्याचा जाहीर प्रसंग मुंबईला दूरचित्रवाणीने शिकवलेला नाही. म्हाडाची सोडत हा त्याचा एक प्रकार. 2023 मध्ये मुंबई मंडळाच्या 4,082 घरांसाठी सोडत निघाली तेव्हा लाखाहून अधिक अर्ज होते. पूर्वी चिठ्ठ्या निघत तिथे आता संगणक नावे काढतो आणि लोक मोबाइलवर ती पाहत बसतात. यात कोणाची कहाणी विचारली जात नाही. उत्पन्न गट, आरक्षण, अनामत रक्कम आणि नशीब, बस्स. 1982 च्या संपानंतर देशोधडीला लागलेल्या गिरणी कामगारांना आणि त्यांच्या वारसांनाही 225 चौरस फुटांची घरे सोडतीनेच मिळाली, आणि रांगेतले पुष्कळ जण अजून रांगेतच आहेत.

झोपडपट्टी पुनर्वसनात निवड कागद करतो. 1 जानेवारी 2000 पूर्वीचा रहिवास दाखवणारे मतदारयादीचे उतारे, वीजबिल, फोटोपास (झोपडीधारकाचे सरकारी ओळखपत्र) पाहून तयार होणाऱ्या परिशिष्ट-2 मध्ये प्रत्येक झोपडीपुढे पात्र की अपात्र हे लिहिलेले असते. या योजनेतल्या घराचे क्षेत्रफळ 225 चौरस फुटांवरून 269 आणि पुढे 300 वर गेले. आजारपण, त्याग, कष्ट यांना त्या यादीत रकाना नाही. हे निष्ठुर वाटते खरे. पण इथे घर मागणाऱ्याला कॅमेऱ्यापुढे रडावे लागत नाही, आणि अपात्र ठरल्यास अपील करता येते. दूरचित्रवाणीच्या निवडीवर अपील नसते.

बीडीडी चाळींचे उदाहरण या सगळ्यात मोठे. 1920 च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे बांधलेल्या या चाळींत खोली 160 चौरस फुटांची, मजल्यावर सामाईक संडास. म्हाडाच्या पुनर्विकासात रहिवाशांना 500 चौरस फुटांची घरे मिळतात, आणि ऑगस्ट 2025 मध्ये वरळीतल्या पहिल्या 556 कुटुंबांना चाव्या दिल्या गेल्या. समारंभ नेहमीच्या पद्धतीचा: मंचावर मंत्री, काही कुटुंबांना प्रातिनिधिक चावी, टाळ्या. अशा चावीवाटपानंतर वृत्तवाहिन्यांचे प्रतिनिधी लोकांबरोबर वर जातात आणि कसं वाटतंय हा एकच प्रश्न दहा दारांत विचारतात. दाराला तोरण, उंबऱ्यावर हळदकुंकू, नारळ. आत गेल्यावर लोक नळ सोडून पाहतात, खिडकी उघडून खाली चाळ दिसते का ते पाहतात, आणि बाथरूमचे दार उघडून उभे राहतात. रात्री-अपरात्री बादली घेऊन गॅलरीच्या टोकाला जाणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला संडास घरात आला म्हणजे काय, हे कोणत्याही संगीताशिवाय कळते. इथे बस नाही, वाजवीपेक्षा मोठा पलंग नाही, आणि भिंती बिल्डरच्या पांढऱ्या रंगातच आहेत. सजावट ज्याची त्याने आपापल्या ऐपतीने करायची.

ती करताना मात्र दूरचित्रवाणीचा हात दिसतो. पीओपीचे छत, त्यातली एलईडीची पट्टी, टीव्हीमागची संगमरवरी नक्षीची भिंत, उचलता येणारा स्टोरेजचा पलंग. वास्तुशांतीला आलेले नातेवाईक भिंतीवरचे घड्याळ भेट देतात आणि यजमान त्यांना खोल्या फिरवून दाखवतो. वन आरके आणि वन बीएचके घरांच्या कायापालटाचे मराठी-हिंदी व्हिडिओ यूट्यूबवर भरपूर आहेत. त्यांचा शेवटही दार उघडण्याचाच असतो, पण त्यांना सुरुवातीलाच एकूण खर्च सांगावा लागतो. अकरा महिन्यांच्या करारावर राहणारे भाडेकरू त्यातून खिळा न मारता चिकटवता येईल अशा वस्तू तेवढ्या उचलतात.

नंतरचे

अमेरिकी कार्यक्रमातली काही कुटुंबे मोठ्या घराचा मालमत्ता कर आणि वीजबिल पेलू शकली नाहीत. काहींनी घर विकले, काहींचे कर्जापायी जप्त झाले. मुंबईत 500 चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांचा मालमत्ता कर 2022 पासून माफ आहे, त्यामुळे लहान पुनर्वसित घरांना त्या बाजूने फारसा धक्का बसत नाही. धक्का बसतो देखभाल खर्चाचा. बैठ्या किंवा तीन-चार मजली वस्तीतून उंच इमारतीत गेलेल्यांना लिफ्ट, पाण्याचे पंप, अग्निशमन यंत्रणा, सुरक्षारक्षक यांचे पैसे दरमहा भरावे लागतात. पुनर्वसन योजनेत बिल्डरने ठेवलेल्या निधीचे व्याज त्याला सहसा पुरत नाही. लिफ्ट बंद पडली की वरच्या मजल्यावरची वृद्ध माणसे घरातच अडकतात. वरळीच्या 40 मजली इमारतींत राहायला जाणाऱ्यांनी चावी हातात यायच्या आधीच जो प्रश्न धसाला लावला होता तो हाच: मेंटेनन्स किती, आणि किती वर्षे कोण भरणार.