घर भाड्याचंच, पण लीज की लायसन्स?

मुंबईत कुणी "घर भाड्याने घेतलंय" म्हणालं की त्यातून नेमकं काही कळत नाही. गिरगावच्या चाळीत तीन पिढ्या काढलेलं कुटुंबही भाडं भरतं आणि गेल्या गणपतीत गोरेगावच्या वन बीएचकेत राहायला आलेलं जोडपंही. पहिल्याकडे भाडेपावती असते, दुसऱ्याकडे लिव्ह अँड लायसन्सचं ॲग्रीमेंट. एजंट त्यालाच बिनदिक्कत "लीज" म्हणतो, सोसायटीच्या फॉर्मवर "टेनंट" छापलेलं असतं आणि कायदा मात्र चाळीतल्या भाडेकरूला आणि लायसन्सवर राहणाऱ्याला एका पंक्तीला बसवत नाही.

लीज येते १८८२ सालच्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातून. ठरलेल्या मुदतीसाठी, ठरलेल्या मोबदल्यात जागेचा उपभोग घेण्याचा हक्कच मालक दुसऱ्याच्या हाती देतो. मालकी त्याची, पण ताबा भाडेकरूचा. लायसन्सची व्याख्या त्याच वर्षीच्या सुविधाधिकार कायद्यात, कलम ५२ मध्ये आहे. दुसऱ्याच्या जागेत जे करणं एरवी बेकायदा ठरलं असतं, ते करायची मुभा, एवढंच. त्यातून जागेवर कसलाही हक्क तयार होत नाही. ‘लिव्ह’ म्हणजेही इथे परवानगीच. रजेशी किंवा घर सोडण्याशी त्या शब्दाचा संबंध नाही.

मालकाने मध्येच फ्लॅट विकला की हा फरक अंगावर येतो. लीज असेल तर नवा मालक जुन्याच्या जागी येतो आणि मुदत संपेपर्यंत भाडेकरू हलत नाही. लायसन्स मात्र नव्या मालकावर बंधनकारक नसतं. त्याने नको म्हटलं तर निघायला आणि सामान हलवायला वाजवी वेळ तेवढा मिळतो. चाळीतला भाडेकरू वारला तर त्याच्यासोबत राहणाऱ्या घरच्या माणसाकडे भाडेहक्क जातो. लायसन्सच्या घरात असा वारसा नाही.

मग सगळी मुंबई या कमकुवत कागदावर का राहते? त्याला इतिहास आहे. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने जुनी भाडी जवळजवळ गोठवली आणि भाडेकरूला काढणं महाकठीण केलं. मालकांनी तोड काढली: माणूस ठेवायचा, पण त्याला भाडेकरू म्हणायचं नाही. कुणी लायसन्सी, म्हणजे लायसन्सवर राहणारा, झालं, कुणी पेइंग गेस्ट, कुणी नुसतंच केअरटेकर. पण कोर्ट नावावर भुलत नाही. १९५९ मध्ये दिल्लीच्या एका हॉटेलातल्या केशकर्तनाच्या जागेवरून सर्वोच्च न्यायालयात वाद गेला. कागदावर स्वच्छ ‘लायसन्स’ लिहिलेलं होतं, तरी ती लीजच ठरली, कारण व्यवहाराचा आशय काय आणि जागेचा स्वतंत्र ताबा कुणाकडे, हे न्यायालयाने पाहिलं. पुढे १९७३ मध्ये राज्य सरकारने त्याहून मोठा दणका दिला. १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू लायसन्सवर जागेत असलेले लोक सरसकट भाडेकरू मानले गेले. ज्यांचं घर अशा रीतीने अडकलं, त्यांच्या नातेवाइकांनीही मग धडा घेतला. रिकामा फ्लॅट कुलूप लावून ठेवलेला परवडला, पण माणूस ठेवणं नको, ही मुंबईकर मालकाची भीती तेव्हाची. ती निराधार होती असं मला वाटत नाही.

आजची व्यवस्था महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ ची. तो ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्याचं कलम २४ मालकांना धीर देण्यासाठीच आहे. राहण्यासाठी लायसन्सवर दिलेलं घर मुदत संपूनही सोडलं नाही, तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊ शकतो आणि लायसन्सीला दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते. लेखी करारात जे नमूद आहे, तो तिथे निर्णायक पुरावा मानला जातो. म्हणूनच ॲग्रीमेंटमध्ये ‘रेंट’ सहसा नसतं, ‘लायसन्स फी’ असते. "या करारामुळे लायसन्सीस भाडेकरू म्हणून कोणताही हक्क प्राप्त होणार नाही" हे वाक्य दोनदोनदा येतं, आणि कायदेशीर ताबा मालकाकडेच राहील असंही असतं. सही करणारे ही वाक्यं वाचत नाहीत. डिपॉझिट कधी परत मिळणार आणि लॉक-इन, म्हणजे मध्येच करार मोडता न येण्याचा काळ, किती महिन्यांचं, तेवढं बघतात.

करार अकराच महिन्यांचा का करतात, हे कोडंही लीजच्याच घरचं आहे. १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार वर्षाहून जास्त मुदतीची लीज नोंदवावी लागते, म्हणून देशभर अकरा महिन्यांची पळवाट रुळली. महाराष्ट्रात मात्र १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ मुळे भाडेपट्टा असो की लिव्ह अँड लायसन्स, करार लेखीच हवा आणि नोंदलेलाच हवा, मग मुदत कितीही असो. ती जबाबदारी मालकाची. नोंद नसेल तर अटींबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं खरं धरलं जातं, आणि मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तरी "नोटरी करून टाकू, स्वस्तात होईल" असं सांगणारे एजंट गल्लोगल्ली भेटतात. स्वस्त तरी किती? महिना ३०,००० रुपये, डिपॉझिट एक लाख, मुदत दोन वर्षं धरू. एकूण फी ७,२०,००० रुपये, त्यात डिपॉझिटच्या वर्षाला दहा टक्क्यांप्रमाणे २०,००० मिळवायचे आणि त्यावर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क. झाले १,८५० रुपये. वर महापालिका हद्दीतली नोंदणी फी १,००० रुपये. ब्रोकरेजपुढे ही रक्कम काहीच नाही. हेवी डिपॉझिटवर, म्हणजे महिन्याच्या फीऐवजी एकरकमी मोठं डिपॉझिट ठेवून, घेतलेलं घरही याच हिशेबात बसतं. महिन्याची फी नसली म्हणून ती लीज होत नाही.

खरीखुरी लीज आता कोण करतं? बँका, सरकारी उपक्रम, मोठ्या कंपन्या. एक कोटी किंवा त्याहून अधिक भरणा झालेलं भागभांडवल असलेल्या कंपनीला १९९९ च्या कायद्याचं संरक्षणच नाही, त्यामुळे बँकेच्या शाखेला गाळा देताना मालकाला पूर्वीची धास्ती नसते. आणि लीज असते ती इमारतीखालच्या जमिनीची. कुलाब्यापासून वडाळ्यापर्यंत बंदर प्राधिकरणाच्या, आणि शहर-उपनगरात ठिकठिकाणी कलेक्टरच्या जमिनी भाडेपट्ट्यावर आहेत. अशा जमिनीवरच्या सोसायटीत फ्लॅट घेताना कार्पेट एरियाबरोबर लीजची किती वर्षं उरलीत आणि नूतनीकरणाच्या अटी काय, हेही कमिटीला विचारावं.